खोलाकडं धरलेलं माप

"मोजलंय का?" कुणी काहीही सांगितलं की काकांचा पहिला प्रश्न हा. यंदा ऊन लई हाय म्हणा, नाहीतर रस्ता रुंद झाला म्हणा, काका खांद्यावरच्या पिशवीवर हात ठेवून विचारणारच, "मोजलंय का?" तुमच्याही गावात असा एखादा असेल. एरवी लोक त्याला टाळतात आणि अडलं की त्याच्याच दारात जातात.

पिशवीत टेप असायचा. काकांनी अख्खी नोकरी विहिरींची पाणीपातळी मोजण्यात घालवली. आसपासच्या चाळीस विहिरींवर दर महिन्याला फेरी. टेपच्या टोकाला पितळी वजन होतं. ते पाण्याला टेकलं की हाताला कळतं, मग काठावरच्या खुणेशी अंगठा धरायचा आणि आकडा वाचायचा. निवृत्त झाले तरी टेप काही सुटला नाही.

माझं बेंबळीला संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. काकांचं गाव तिथून जवळच. नाव सांगत नाही, तिथले लोक माझं गिऱ्हाईक आहेत. एका सकाळी काका आले, "जय भीम, ताई" म्हणाले, आणि तळहातावर मावेल एवढा जुनापुराणा संगणक त्यांनी काउंटरवर ठेवला.

"ह्याला वायरलेसचं कार्ड बसवायचंय. कोणतं घ्यावं?"

मी तोंडाची फटकळ. "काका, हे संग्रहालयात द्या. आता मोबाइलवर सगळं होतं."

"मोबाइलात माझ्या विहिरी न्हाईत," काका म्हणाले आणि स्टूल ओढून बसले. बसले म्हणजे आता काम झाल्याशिवाय उठणार नव्हते.

गोष्ट अशी होती. काकांच्या वस्तीतली विहीर त्यांच्या वडिलांच्या पिढीनं स्वतःच्या हातांनी खणलेली. त्या काळी गावच्या विहिरीवर या माणसांना पाणी मिळत नव्हतं. आता ग्रामपंचायतीत ठराव यायचा होता, की ही विहीर उन्हाळ्यात आटते, निव्वळ धोका आहे, तेव्हा ती बुजवून वर फरशी घालावी. काकांना पक्कं ठाऊक होतं की ती एकदाही आटली नाही. पण कागदी नोंदवह्या ऑफिस हललं तेव्हा रद्दीत गेल्या. एका योजनेत हा हातातला संगणक मिळाला होता. पुढं योजना बंद पडली, आणि तो परत न्यायला कुणी फिरकलंच नाही. सगळ्या नोंदी, तारखेवार, त्याच्या पोटात होत्या. पडद्यावर फक्त शेवटची दिसायची. बाकीच्या बाहेर काढायला एकच बटण, 'पाठवा'. ते चालायचं वायरीनं किंवा वायरलेसनं, आणि वायरीचं भोक तुटलं होतं. त्यात आतली बॅटरी म्हातारी. ती एकदा पूर्ण उतरली की नोंदी पुसल्या जाणार. ग्रामसभेला महिना होता.

"वहीत आठवून लिहा की," मी म्हणाले.

"मग म्हनतील, काका घरी बसून आकडे पाडतोय." त्यांचं खरंच होतं.

तेव्हा मीही पदर खोचला. कार्ड निवडायचं म्हणजे तीन गोष्टी जुळायला हव्यात. ते फटीत बसलं पाहिजे, त्याचा प्रोग्राम या जुन्या यंत्राला समजला पाहिजे, आणि ते वीज कमी खाणारं पाहिजे, नाहीतर बॅटरीच गिळून टाकेल. मी काकांना म्हटलं, यंत्र घरी चार्जिंगलाच ठेवा, फक्त फट मोजून कळवा. मोजायचं काम काकांना सांगितलं, मग काळजी कसली? दुसऱ्या दिवशी चिठ्ठी आली, सुबक अक्षरात: 'फटीची जाडी अर्धा सेंटीमीटर.'

पुण्याच्या एका जुन्या मालवाल्याकडून मी तसलं कार्ड मागवलं. बारा दिवसांनी आलं. काका यंत्र घेऊन हजर. कार्ड लावायला गेलो तर ते फटीच्या तोंडाशीच अडलं. जाड होतं.

माझं डोकं फिरलं. "काका, मोजलं होतं का?"

त्यांनी टेप काढून पुन्हा मोजलं. टेपवरच्या बारीक रेघा वापरून वापरून पुसल्या होत्या, अर्ध्या सेंटीमीटरच्या तेवढ्या उरलेल्या. माझ्या पट्टीवर फट तीन मिलिमीटर आणि वर थोडी भरली.

"दोन खुनांच्या मदी आलं की म्या खोलाकडं धरतो," काका हळू आवाजात म्हणाले. "सवयच लागली. पानी हाय त्यापरीस जास्त सांगितलं की मानूस ऊस लावून बसतो. कमी सांगितलं तर कुनाचं वाकडं होत न्हाय."

विहिरीची सवय त्यांनी फटीला लावली होती. मला हसू आलं आणि रागही आला. म्हाताऱ्याचा चेहरा पाहून दोन्ही गिळले. बारा दिवस पाण्यात गेले होते. ते जाड कार्ड काकांनी स्वतःहून पिशवीत टाकलं.

मग मी हैदराबादपर्यंत फोन लावले. दिवसाला दहा. काका रोज येऊन स्टुलावर बसायचे, काही बोलायचे नाहीत. बोलले असते तर मी भांडले तरी असते. शेवटी पातळ कार्ड मिळालं, ग्रामसभेच्या दोन दिवस आधी. नव्या राउटरचा पासवर्ड त्याला झेपेना, म्हणून माळ्यावरचा जुना राउटर काढला आणि बिनपासवर्डचा चालू केला. यंत्र अजूनही योजनेच्या संगणकालाच नोंदी पाठवू पाहणार, म्हणून त्या संगणकाचा पत्ता माझ्या संगणकाला दिला. काकांनी 'पाठवा' दाबलं.

ओळी येऊ लागल्या. एकेक विहीर, एकेक तारीख. वस्तीची विहीर आली तशी काकांनी पडद्यावर बोट ठेवलं. तेरा मीटर खोल विहीर, आणि सगळ्यात वाईट वैशाखातही पाणी काठापासून नऊ मीटर साठ सेंटीमीटरवर. म्हणजे खाली तीन मीटरच्या वर पाणी. काकांनी चष्मा काढून पुसला. मी उगाच प्रिंटरशी खुडबुड करत राहिले, कारण माझेही डोळे भरले होते.

ग्रामसभेला मी गेले होते. यादी वाचून झाल्यावर एकजण उठला. "विहीर तुमच्या वस्तीची, मोजणारे तुम्हीच. पाणी वाढवूनच लिहिलं असणार."

काकांनी पिशवीतून ते जाड कार्ड काढलं, आणि फट कशी मोजली ते सगळं सभेला सांगितलं. "म्या वाढवत न्हाय. म्या चुकतो ते ह्या बाजूला चुकतो, खोलाकडं. त्यानं पानी कमीच दिसतं."

"अर्ध्या सेंटीमीटरनं काय होतंय?" सरपंच हसत म्हणाले.

"त्यानंच हे कार्ड बसलं न्हाय," काका म्हणाले. सभा हसली, पण ते हसणं काकांच्या बाजूचं होतं. ठरलं असं, की येत्या वैशाखात सगळ्यांसमोर मोजायचं. पाणी निघालं तर विहीर राहील.

काका वैशाखापर्यंत राहिले नाहीत. चैत्रात दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मला लई राग आला त्यांचा. इतकी चिकाटी धरली, अजून महिनाभर धरायला काय झालं होतं?

त्यांच्या सुनेनं टेप माझ्याकडं आणून दिला. "मामंजी म्हणायचे, माझ्यामागं ताई मोजील." मला कधी विचारलंही नव्हतं.

वैशाखातल्या त्या सकाळी विहिरीभोवती निम्मं गाव होतं. मी काठावरची खूण शोधली आणि वजन सोडलं. टेप हातातून सरकत राहिला, सरकत राहिला, मग वजन पाण्याला टेकलं. हाताला कळलं. खुणेशी अंगठा धरून पाहिलं, तर तो नऊ मीटर पन्नास आणि साडेपन्नास यांच्या मधे होता.

"पन्नास म्हणा की ताई," मागून वस्तीतलंच कुणी म्हणालं.

"साडेपन्नास," मी म्हणाले. "लिहा."