तळ्याच्या पाण्यानं भरलेली घागर

कोणाच्या अंगात आलं, कोणाले झपाटलं, असं आयकलं की मी हसो. गावात एका बाईच्या अंगात येत होतं, तवा मी सरळ म्हटलं होतं — तिले दोन दिवस वावरात निंदाले पाठवा, उतरते आपोआप. असा माणूस मी. आता हे लिहाले लाज वाटते. पण भेव लाजेपेक्षा मोठं झालं म्हणून लिहून रायलो. कोणाले समजत असन तं सांगा.

मी दर्यापूर तालुक्यातला. काळी जमीन, खारं पाणी. शाळा चौथीपर्यंत. माही बायको कमला या पौषात गेली. सकाळी चहा मांडला न् गॅसजवळ बसल्या जागीच गेली. बेचाळीस वर्साचा संसार... चहा उतू जाईपर्यंत खतम.

पोरगा एकच, गजू. तो इंडोनेशियात, जावा बेटावर, कपड्याच्या मिलमधे फिटर हाय. तिथंच लास्त्री नावाच्या पोरीसोबत लग्न केलं, मले न इचारता. मी पाच वर्स त्याच्याशी बोललो नाई. पोरगी झाली, तिचं नाव रत्ना. हे नाव त्याइच्यातही चालते न् आपल्यातही, म्हणून कमलानंच फोनवर सुचवलं होतं. तिनं नात पाह्यली ते मोबाइलातच. पासपोर्टचा फॉर्म आणून ठेवला होता बिचारीनं. मले म्हणे, "अमरावतीले घेऊन चाला ना एक डाव." मी म्हणो, "त्या परमुलखात काय करतं वं? मासोळ्या खातं का?" ती तो फॉर्म परत डब्यात ठेवे.

ती गेल्यावर माहा पासपोर्ट मात्र महिन्याभरात आला. गजू मले घेऊन गेला.

त्याचं गाव लहान हाय. पन्नास-साठ घरं, कौलारू. बाया सकाळी उठून अंगण असं झाडतात की शित सांडलं तं उचलून खावं. मांगं डोंगर, पुढं धानाचे बांध, आन् बांध सरले की तळं. तळं म्हणजे केवढं... आपल्याकडचे चार-पाच गावं त्यात बुडतीन. त्याच्यावर जलपर्णीचा थर. वाऱ्यानं तो थर इकडून तिकडं सरकते. दुरून हिरवंगार वावर दिसते, पण खाली पाणी. त्या आजूबाजूच्या साऱ्या गावाइचं पोट त्याच जलपर्णीवर. लोकं तिचे दांडे कापून आणतात, रस्त्याच्या कडीनं वाळू घालतात, आन् त्याच्या टोपल्या, चटया विणतात. लास्त्रीची मायही विणे. तिचा बाप मासे धरे. माह्याच वयाचा बुढा. त्याची भाषा मले कळे ना, माही त्याले. तरी दोघं बांधावर बसून बिड्या प्यायचो.

तिथं असताच अखजी आली.

आमच्याकडं अखजीले, म्हणजे अक्षय तृतीयेले, मेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर भरतात. चिचोणी करतात — चिंच-गुळाचं पाणी. विस्तवावर घास टाकून त्याले जेवाले बोलावतात. माह्या मायबापाचं हे सारं कमलाच करे. मी पाटावर बसून ताट कवा येते ते पाहो. माहा भुताखेतावर इश्वास नोता, पण रीत ते रीत.

गजू म्हणे, "बाबा, इथं कायले? गावी काकू करन ना."

म्हटलं, "तुह्या मायची पहिली अखजी हाय. आन् काकूचं न् तिचं जमलं कधी? तिच्या हातचं ती जेवन का?"

लास्त्रीच्या मायनं बजारातून मातीचं मडकं आणून देल्लं. मी स्वतः तळ्यावर जाऊन भरलं. गोडं पाणी. लास्त्रीनं तिथल्या चिंचेची न् ताडाच्या गुळाची चिचोणी केली. विस्तवावर घास टाकला न् मोठ्यानं म्हटलं, "गजूची माय, ये वं. जेवाले ये. तुह्या नातीले पाह्य." शेवटचं आपल्या मनानंच म्हटलं. तोंडातून निंघून गेलं. मंग सारे जेवले, मीही जेवलो.

दुसऱ्या दिवशी दहा-साडेदहाची गोष्ट. रत्ना अंगणातून घरात आली, चार वर्साची पोट्टी, तं तिच्या केसाची चौपेडी वेणी. घट्ट, अंगठ्याएवढी. खाली वाळलेल्या जलपर्णीच्या दोऱ्यानं बांधलेली.

लास्त्री हसली. तिले वाटलं मीच घातली. गजू म्हणे, "बाबा, तुमाले येते का हे?"

"मले धोतराचा काष्टा धड येत नाई, आन् मी वेणी घालू?"

तवा तो हसायचा थांबला. त्यालेही माहीत होतं. चार पेडाची तशी वेणी आमच्या गावात कमलाच घाले. लग्नाच्या पोरी तिच्याकडं येत. लास्त्रीले येत नाई, तिच्या मायले येत नाई. आजूबाजूच्या चार घरी इचारलं, कोणालेच येत नाई. पोट्टीले इचारलं तं ती म्हणे, "आजी." आन् तळ्याकडं बोट केलं. लास्त्रीच्या मायले ती तिकडच्या बोलीत हाक मारे; आजी म्हणे ते फक्त फोनवरच्या कमलाले.

त्या दिवसापासून मी पोरीले नजरेआड होऊ देल्लं नाई. मले एकच वाटे — जितेपणी नात पाहू देल्ली नाई, आता ते नेणार. माह्याच बोलावण्यावर आली न् पोरगी घेऊन जाणार.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी फक्त तोंड धुवाले मोरीत गेलो. बाहेर आलो तं पोरगी अंगणात नाई. मी बांधावरून धावलो. चप्पल कुठं पडली माहीत नाई. तळ्यावर लास्त्रीचा बाप जाळं सोडवत काठाले लागलेल्या डोंग्यात, लहान होडीत, बसला होता, तो उभा रायला न् तसाच एकटक पाहून रायला होता. त्यानं माहा दंड धरला. आन् आत पाण्याकडं बोट केलं.

काठापासून वीसेक पावलं आत, त्या जलपर्णीवर रत्ना चालून रायली होती. हळूहळू. उजवा हात वर... जसा कोणी धरलेला. बोटं मिटलेली. बाजूले कोणी नाई. मी डोळे चोळून पाह्यलं, कोणी नाई. पण तिच्या बाजूची जलपर्णी दबे, पावलापावलाले. मोठ्या माणसाच्या वजनानं दबावी तशी.

मी ओरडलो, "कमले! सोड तिले! लेकरू हाय ते!"

पोरीचा हात खाली पडला. आन् त्याच घडीले पायाखालचं सारं फाटलं न् ती कमरेपर्यंत पाण्यात गेली. बुढ्यानं डोंगा घुसवला, दंडाले धरून वर वढली. रडली नाई पोट्टी. माह्याकडं रागानं पाहून काहीतरी बोलली. संध्याकाळी गजूले इचारलं, काय म्हणे? त्यानं पोरीले इचारून खाली पाहत सांगतलं, "ती म्हणते, आबा आजीवर ओरडला."

लास्त्रीचा बाप गजूले म्हणे, त्या जागी जलपर्णीवर फक्त बगळ्याचं वजन पेलते, लेकरू उभं राहू शकत नाई. तो आता त्या बाजूले डोंगा नेत नाई.

आठ दिवसात मी परत निंघालो. गजूले सांगतलं नाई, पण माहा इचार होता — माह्या बोलावण्यावर आली, तं माह्या मांगं येईन. इमानात बसताना मनात म्हटलं, चाल वं, घरी चाल. इथं आलो न् सारा दिवस घरात बसून रायलो. भांडं वाजते का, बांगडी वाजते का. काहीच नाई. घर रिकामं ते रिकामंच. ते माह्यासोबत आली नाई.

भावजयले, गजूच्या काकूले, सारं सांगतलं. ते म्हणे, "भाऊजी, बोलावलं खरं. वाटे कोणं लावलं?"

"म्हणजे?"

"जेवणं झाले की घागरीवर हात ठेवून म्हणा लागते — जेवले, पाह्यलं, आता आपल्या ठिकाणी जा. कमला दरवर्षी म्हणे. तुमी तवा ढेकर देत बसलेले."

बेचाळीस वर्सं ते बोलली, मले आयकू आलं नाई.

ते म्हणते, ज्यानं बोलावलं त्यानंच, त्याच ठिकाणी जाऊन म्हणा लागते. गजू तिकीट काढतो म्हणते. पण मी रोज उद्यावर ढकलून रायलो. एकदा नातीकडं जाऊ देल्लं नाई तिले. आता पोचली तं पुन्हा मीच जाय म्हणू? आन् नाई म्हटलं, आन् पोरीले काही झालं तं?

गजूनं तळ्यापासून दूर मिलजवळ घर घेतलं, माह्या सांगण्यावरून. तिथं पाणी नाई. कोणी म्हणन की पोट्टीनं फोनवर आजी पाह्यली होती, डोक्यात बसली. असन. पण वेणी कोणी घातली? जलपर्णी कोण दाबे? मले नाई समजत.

मी रोज सकाळी फोन लावतो. इचारतो, "पोरगी कुठं हाय?"

तो म्हणते, "अंगणात खेळून रायली, बाबा."

मी इचारतो, "एकटीच?"

तो खिडकीपर्यंत जाते, मले त्याचे पाय आयकू येतात. मंग म्हणते, "उजवा हात वर करून चालून रायली, बाबा."