ट्युलिपचा सव्वा महिना

माझ्या हातचे ट्युलिप बघायला एके काळी साहेब लोक टांगे करून यायचे, हे मी नातवंडांना कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं आहे की! कोल्हापूरच्या हवेत तो विलायती कांदा एकदा फुलवायचा म्हटलं तरी नाकी नऊ येतात, आणि मी तो दुसऱ्या वर्षीही फुलवला. पण तेवढं सांगितलं की पुढचंही सांगावं लागतं, आणि तिथं माझी मान खाली जाते. आता वय झालं. किती दिवस पोटात ठेवू? लिहून टाकतो.

महाराजांच्या अमदानीतली गोष्ट. मी नेसरीचा. मराठी चार बुकं शिकलो, पण त्यावाचून गावात कुणाचं काही अडत नव्हतं. मग कोल्हापूर गाठलं आणि शाहूपुरीच्या पलीकडं एका साहेबाच्या बंगल्यावर माळी म्हणून लागलो. साहेब रस्त्याच्या कामावरचा. महिन्यातले वीस दिवस तो घाटाकडं तंबूत, बंगल्यात मडम एकटी. मागच्या बाजूला नोकरांच्या तीन खोल्या होत्या. एकीत मी आणि माझी बायको. दुसरीत खानसामा, त्याची बायको आणि तिचं अंगावर पिणारं पोर. तिला आम्ही भाबी म्हणायचो. तिसरीत मलकापूरचा पाणक्या. बागेला लागणारं सगळं पाणी हा पाणक्याच विहिरीवरून आणायचा.

त्या वर्षी दिवाळीनंतर मडमेच्या माहेराहून एक पेटी आली. पेटीत भुसा आणि भुश्यात बारा कांदे. मडमेनं ते आधी दोन महिने बरफाच्या पेटीत ठेवायला लावले. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. पण पौषात मी ते वाफ्यात लावले आणि माघात बाराच्या बारा फुलले. देठ आखूड, वीतभरसुद्धा नाही, पण रंग असा तांबडा की बघतच राहावं. मडम वाफ्याशेजारी खुर्ची टाकून बसली आणि चक्क रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "बस, झाला. इकडे दुसऱ्या वर्षी कोणाचा फुलत नाही. सगळे फेकून देतात."

माझ्या जिभेला हाड नव्हतं तेव्हा. मी म्हणालो, "मी फुलवून दावतो की."

"तू?"

"मी. न्हाय फुलवलं तर माळी म्हणू नका मला."

मडमेच्या आईचं पत्र होतं, त्यात सगळं लिहिलेलं. मडमेनं ते मला तिच्या मोडक्या मराठीत वाचून दाखवलं. फूल गळलं की त्याचा शेंडा खुडायचा, बी धरू द्यायचं नाही. पण पानं कापायची नाहीत. पानं पिवळी पडतील, लोळतील, वाफा घाण दिसेल, दिसू दे. ती पानंच खाली नवा कांदा पोसत असतात. पाणी हळूहळू तोडायचं, पानं पार वाळली की मग कांदे काढायचे. तोवर सहा आठवडे कुणी धक्कासुद्धा लावायचा नाही.

आता योगायोग बघा. त्याच आठवड्यात माझी बायको बाळंत झाली. पहिलटकरीण. तिची आई ती लहान असतानाच गेलेली, माझीही नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्या खोलीतच भाबीनं केलं. मुलगी झाली. त्यामुळं माझ्या तोंडात तेव्हा हेच शब्द होते. पत्र ऐकून मी पटकन म्हणालो, "कळलं, मडमसाहेब. बाळंतीण हाय ही! सव्वा महिना हात लावायचा न्हाय."

मडमेला कळेना. मी समजावलं, की आमच्यात बाई बाळंत झाली की सव्वा महिना तिनं बाजेवर राहायचं. खाली शेगडी, कानाला फडकं, वेळेवर खीर, काढा. जड उचलायचं नाही. सव्वा महिन्यानं हळदकुंकू घेऊन विहीर पुजायची आणि मगच पाण्याची घागर उचलायची. मडम टाळी वाजवून हसली. तिनं ते आईला पत्रात लिहिलं. मला काय चढलं म्हणून सांगू! दिवसभर छाती पुढं काढून हिंडत होतो.

बारसं झालं त्याच दिवशी मलकापूरहून सांगावा आला, की पाणक्याचा बाप अंथरुणाला खिळलाय. पाणक्या तसाच निघून गेला. फाल्गुनाचं ऊन तापलेलं. गुलाब, हिरवळ, कुंड्या, सगळं पाणी मागत होतं. मला मडमेकडं जाऊन एवढंच म्हणायचं होतं, की महिनाभर एक गडी द्या. तोंडच्या एका वाक्याचं काम. ते मी केलं नाही. मला भीती वाटली, की हिला वाटेल ह्याला एकट्याला बाग झेपत नाही, आणि हा कसले ट्युलिप फुलवतोय! शेजारच्या बंगल्याचा माळी टपलेलाच होता. मी फुशारकी मारून बसलो होतो ना.

मी खोलीत गेलो. बायको बाजेवर पोरीला पाजत होती. मी म्हणालो, "उद्यापासनं जरा चार घागरी आणशील? गुलाब वाळाय लागल्यात."

तिनं माझ्याकडं बघितलं. "आणते की," म्हणाली.

चारच्या दहा झाल्या, दहाच्या वीस. तांब्याची घागर, विहीर बंगल्याच्या पार खालच्या अंगाला, वर येताना चढ. कानाला फडकं बांधलेलं तसंच ठेवून ती पाणी ओढायची. भाबी एकदा माझ्या अंगावर धावून आली. "अरे, बाई हाय का बैल?" मी म्हणालो, "दोन दिसाचा प्रश्न हाय, भाबी." दोन दिवसांचे किती झाले ते मी मोजत नव्हतो. आणि मी काय करत होतो? मी ट्युलिप राखत होतो. वाफ्यात घुशी शिरतात म्हणून तिथंच ठाण मांडून बसलेलो. ऊन लागून पानं लवकर करपू नयेत म्हणून मी वाफ्यावर चार काठ्या रोवून चटईचं छप्पर केलं होतं. हे लिहिताना माझी मलाच किळस येते.

एके सकाळी ती भरली घागर कमरेवर घेऊन येत होती. वाफ्याच्या कडेला तिचा तोल गेला, पाय वाफ्यात पडला आणि दोन झाडांची पानं मोडली. घागर कलंडून पाणी वाफ्यात गेलं. मी उठलो तो ओरडतच.

"डोळं फुटलं काय तुझं? सव्वा महिना झालेला न्हाय त्यास्नी! सव्वा महिना! ठावं न्हाय व्हय?"

माझा आवाज कोल्हापुरी, पार रस्त्यापर्यंत गेला असेल. ती तशीच उभी. घामानं फडकं भिजलेलं, ओठ पांढरे पडलेले. मला तेव्हासुद्धा काही कळलं नाही. मी खाली बसून मोडकी पानं सरळ करत होतो.

व्हरांड्यातून मडम खाली आली. तिला मराठी बोलायला मोडकंतोडकं येत असलं, तरी समजत चांगलं होतं. तिनं बायकोकडं नीट बघितलं आणि मला विचारलं, "हिचा बेबी किती दिवसाचा?"

आणि मी खोटं बोललो. "झाला की सव्वा महिना, मडमसाहेब. परवाच विहीर पुजली."

मडमेनं तिला विचारलं, "खरा?"

बायकोनं खाली बघत मान हलवली. "व्हय," म्हणाली. "पुजली."

त्या दिवशी तिला बाळंत होऊन फक्त अठरा दिवस झाले होते. नवऱ्याचा शब्द खाली पडू नये म्हणून ती खोटं बोलली. मग तिनं घागर उचलली आणि परत विहिरीकडं गेली. मी तिला थांबवलं नाही. मनात म्हणालो, सुटलो बुवा! देवाशपथ, हेच म्हणालो.

तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. असा की अंगावर हात ठेववेना. ती बरळत होती, पोरगी भुकेनं किंचाळत होती आणि अंगावरचं दूध आटलं होतं. भाबीनं पोरीला उचललं आणि आपल्या पोराच्या जोडीला अंगावर घेतलं. माझी लेक वाढली ती भाबीच्या दुधावर. भाबीनंच मडमेला सगळं सांगितलं. मडम तिच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईला घेऊन खोलीत आली. ताप उतरायला बारा दिवस लागले. डॉक्टरीण जाताना म्हणाली, जीव वाचला, पण बाळंतपणात वजन उचलल्यानं आतलं सगळं खाली सरकलंय, हे आता जन्माचं. पुन्हा मूल होणं नाही. फार वेळ उभं राहणं नाही.

मडम मला बाहेर घेऊन आली. मला वाटलं, आता कामावरून काढणार. काढलं असतं तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मला का नाही सांगितला? मी माणूस दिला असता." दुसऱ्या दिवशी पाण्याला गडी आला. इतकं सोपं होतं ते.

ट्युलिपनी मात्र आपला सव्वा महिना पुरा केला. चैत्रात पानं वाळून कागदासारखी झाली. मी कांदे काढले. जुने सगळे झिजून गेलेले, त्यांच्या जागी नवे, काही मोठे, काही लसणाच्या पाकळीएवढे. माती झटकली, सावलीत सुकवले, कोरड्या वाळूत घालून कोठीत शिंक्यावर टांगले. दर आठवड्याला काढून हातानं चाचपायचो, कुठं मऊ पडला असेल तर बाजूला टाकायचो. दसऱ्यानंतर बरफाच्या पेटीत, पौषात वाफ्यात. माघात चार फुलले. चारच, पण फुलले.

मडमेनं चहाला मंडळी बोलावली. मला नवा फेटा मिळाला. एका साहेबानं विचारलं, हे जमवलंस कसं? मडम हसत म्हणाली, "सांग ना, तुझी ती बाळंतीण." मी सुरुवात केली. "फूल गेलं की ही बाळंतीण, साहेब. सव्वा महिना..." आणि समोर बघितलं, तर खोलीच्या दारात बायको पोरीला कडेवर घेऊन उभी. उभं राहायचं नव्हतं तिला, म्हणून चौकटीला टेकलेली. मी पुढचं सोडून फेट्याचं टोक चाचपत खाली बघू लागलो. मंडळींना वाटलं, माळी लाजला. मंडळी हसली. मी खरंच लाजलो होतो, पण ते कशानं, हे तिथं दोघांनाच ठाऊक होतं.

त्यानंतर साहेबाची बदली झाली आणि तो बंगला सुटला. मी दुसऱ्या बागांत कामं केली. ट्युलिप पुन्हा लावला नाही. बायकोनं मला त्या दिवसांबद्दल कधी एका शब्दानं विचारलं नाही. भांडायची, चांगली तोंडाला तोंड लावून भांडायची! मीठ जास्त पडलं म्हणून मी बोललो तर सात पिढ्या काढायची. पण हे कधी काढलं नाही. मी वाट बघायचो, की आज काढील, उद्या काढील. म्हणजे मला पाया तरी पडता येईल. आपण होऊन पडायचं धाडस माझ्यात कधी आलं नाही.

सतरा-अठरा वर्षांनी लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं आली. मुलगा झाला. बायको दारात बसली ती सव्वा महिना हललीच नाही. लेकीला पाय जमिनीला लावू दिला नाही. खीर, शेक, काढा, सगळं घड्याळ लावल्यासारखं. मी म्हणालो, "मी काय करू?"

"पानी आना," ती म्हणाली.

मग पाणी मी आणलं. गल्लीच्या टोकाला आड होता. अंघोळीचं, धुण्याचं, प्यायचं, सगळं. बायामाणसं पदर तोंडाला लावून हसायची, "काय पावणं, आज तुमची पाळी?" हसू देत. मी एकाला एक दिवस जोडत होतो. मनात वाटत होतं, की देवानं ही फेडायची संधी दिलीय, निदान थोडं तरी फिटेल.

सव्वा महिना झाला. लेकीला नवं लुगडं नेसवून बायकांनी आडावर नेलं. हळदकुंकू वाहिलं, ओटी भरली, आडाच्या काठावर खणनारळ ठेवला. लेकीनं छोटी कळशी भरून घरी आणली. सगळ्या बाया गेल्या. बायको उंबऱ्यावर पाय पसरून बसली होती, कमरेला हात लावून. मी शेजारी टेकलो. फार बरं वाटत होतं मला. म्हणालो, "झालं बघ एकदाचं. लेकीचं सगळं नीट झालं."

"व्हय," ती म्हणाली. तिचा आवाज साधाच होता, घरातलं तेल संपलंय म्हणून सांगावं तसा. "तिची इहीर पुजून झाली. माझी ऱ्हायलीच."