राखेत ठेवलेला ड्राइव्ह

भूत, करणी, भानामती असा विषय निघाला की मी चहा सांगायच्या निमित्ताने उठून जाणारा माणूस. माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. फोटोतलं प्रत्येक ‘भूत’ म्हणजे लेन्सवरची धूळ नाहीतर कुणाचं तरी बोट असतं, हे मी गिऱ्हाइकांना पंधरा वर्षं समजावून सांगतोय. त्यामुळे खाली लिहिलंय ते वाचून कुणी हसलं तर माझी हरकत नाही. मीही हसलो असतो.

आमचा स्टुडिओ कारंजा लाडला, बसस्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. गावाबाहेर गुलाबराव आणि विमलबाईंचा भाजीचा मळा आहे... वांगी, मेथी, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. गुलाबरावांचा आवाज साऱ्या भाजीबाजारात प्रसिद्ध होता. ते एका टोकाला ओरडले की दुसऱ्या टोकाची गिऱ्हाइकं मान वळवायची. त्यांच्या मुलीचं, शीतलचं लग्न मी शूट केलं. ऐन जेवणाच्या वेळी मांडवातला माईक बंद पडला, तर हा माणूस खुर्चीवर चढून ओरडला — “ओऽऽ पाव्हणे! पंगत बसली होऽऽ! जेवल्याबिगर कोनी जाऊ नका, नाईतं वांग्याचं पोतं बांधून देईन संगं!” सगळा मांडव हसत हसत पानावर बसला.

एडिटिंगमध्ये मी काय केलं? जे सगळे करतात तेच. मूळ आवाज काढून टाकला आणि वर सिनेमाची गाणी चढवली.

पिक्चर तयार झाल्यावर विमलबाई दुकानात आल्या. स्टुलावर बसून अर्धा तास पाहिलं आणि म्हणाल्या, “भाऊ, याच्यात आमचं बोलनं कुठं हाय? सारे नुसते तोंडं हालवून राह्यले.”

“मावशी, गाणं टाकलं की असंच असते.”

“मंग तुमी जे जे घेतलं ते सारं द्या मले. काटछाट न करता.”

असं मागणारं गिऱ्हाईक मला आजवर दुसरं भेटलेलं नाही. सगळं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हमध्ये मावणारं नव्हतं, म्हणून मी त्यांना तळहाताएवढा एसएसडी ड्राइव्ह मागवून दिला. त्यांच्यासमोरच फॉरमॅट केला... असा की कॉम्प्युटरवर चालेल आणि टीव्हीवरही. ‘शीतल लग्न’ असं नाव दिलं आणि सगळं भरलं. मग माझं नेहमीचं कीर्तन. याच्यात फिरणारी चकती नाही, चिप आहे, त्यामुळे लहानसहान धक्क्याने काही होत नाही. पण उन्हात ठेवायचा नाही, ओल लागू द्यायची नाही. कॉम्प्युटरला ‘काढतो’ असं सांगितल्याशिवाय वायर उपसायची नाही. वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला तर आतलं उडू शकतं, म्हणून अधूनमधून लावून पाहायचा. आणि दुसरी कॉपी पाहिजेच पाहिजे.

ही दुसरी कॉपी मीच करून ठेवणार होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! लग्नसराईत हार्ड डिस्कवर जागा होईना, म्हणून मूळ रेकॉर्डिंग मी पुसून टाकलं. म्हणजे आता जे काही होतं ते त्या एका ड्राइव्हमध्ये.

पुढच्या अमावस्येला विमलबाई हजर. अमावस्या म्हटल्यावर लगेच कान टवकारू नका... त्या दिवशी त्यांच्याकडे औत धरत नाहीत, त्यामुळे सवड असते, एवढंच. पिशवीतून त्यांनी बियाण्याचा डबा काढला, झाकण उघडलं, आणि राखेत बोटं घालून ड्राइव्ह बाहेर काढला!

“मावशी, हे काय केलं?”

“काहून? वांग्याचं बी मी राखेतच ठेवतो. कीड नाई, ओल नाई. तुमीच म्हटलं ना, ओल लागू देऊ नका?”

मी डोक्याला हात लावला. वायर लावायच्या भोकात राख ठासून भरली होती. ब्रशने, फुंकून जमेल तेवढी काढली. ड्राइव्ह लावला, चालला. मी त्यांना चेन असलेली छोटी डबी दिली. त्या ओशाळल्या, पण नंतर त्यांनी जे केलं त्याला तोड नाही. दर अमावस्येला ती बाई डबी घेऊन यायची. हात धुऊन, पदराला पुसून ड्राइव्ह माझ्या हाती द्यायची. मी लावायचो, त्या गुलाबरावांची ती हाक एकदा ऐकायच्या, मी रीतसर बंद करायचो, आणि त्या विचारायच्या, “दुसरी कापी झाली का, भाऊ?”

“करू ना मावशी, पुढच्या टायमाले.”

माझ्या ‘पुढच्या टायमा’ची मला आजही लाज वाटते.

त्याच काळात गुलाबरावांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. भाजीबाजारातला तो आवाज कायमचा गेला. त्या महिन्यातही विमलबाई चुकल्या नाहीत. दवाखान्यातून परत येताना, हातात जेवणाच्या डब्याची पिशवी, तिच्यातच ती डबी, तशाच स्टँडवरून दुकानात. हाक ऐकली, डोळे पुसले आणि मळ्याकडे निघाल्या. मला इतकं नीट सांभाळता आलं असतं असं वाटत नाही.

शीतल बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हाच्या अमावस्येला मात्र त्यांनी स्टूल पुढे ओढलं. “आज कापी झाल्याबिगर मी उठत नाई. पोरगी म्हन्ते, माह्या लेकराले आबाचा आवाज ऐकू आला पाह्यजे.”

मी निमूटपणे कॉपी लावली. मध्ये हाक वाजवून तपासली. मागच्या खोलीतून माझी बायको चहा घेऊन आली आणि इकडेतिकडे पाहत म्हणाली, “काका आले का? बोलता येते त्यायले आता?” विमलबाई हसल्या. तासाभरात कॉपी पूर्ण झाली.

पुढच्या महिन्यात ड्राइव्हचा दिवाच लागेना. वायर बदलली, कॉम्प्युटर बदलला. काही नाही. मी तो अकोल्याला एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने उघडून मला भिंगातून दाखवलं. आत शिरलेली राख ओल धरून दगडासारखी झाली होती आणि चिपच्या पिना अक्षरशः खाल्ल्या गेल्या होत्या.

“दादा, हा वर्षभरापासून तरी मेलेला असंल.”

“मागच्या महिन्यात यातून सगळं कॉपी केलं ना मी!”

“दुसरा असंल तो.”

दुसरा नव्हता. माझ्या बिलावरचा नंबर आणि ड्राइव्हवरचा नंबर एकच होता.

कारंजाला परतल्यावर मी कॉम्प्युटरची नोंद उघडली. कोणता ड्राइव्ह कधी लावला हे तो स्वतःच लिहून ठेवतो. ‘शीतल लग्न’च्या दोनच नोंदी होत्या... एक भरला त्या दिवसाची, दुसरी राख काढली त्या दिवसाची. त्यानंतर काहीच नाही! मधल्या काळात लावलेले इतरांचे सगळे पेनड्राइव्ह तारखेनिशी दिसत होते. आणि कॉपी केलेलं फोल्डर समोरच होतं, मागच्या महिन्यातल्या अमावस्येची तारीख असलेलं.

मग इतके महिने आम्ही ऐकत होतो ते कुठून येत होतं? दोन जाणकारांना विचारलं. एक म्हणाला नोंद बिघडली असेल, दुसरा म्हणाला तुझं डोकं. मला दोन्ही पटत नाहीत, आणि तिसरं काही सुचत नाही. विमलबाईंना सगळं सांगितलं, तर त्यांनी तो मेलेला ड्राइव्ह मागून घेतला आणि परत डबीत ठेवला. फॉरमॅट म्हणजे काय हे न कळणाऱ्या त्या बाईपुढे मी मनोमन हात जोडले.

बारशाला मला बोलावलं होतं. कॉपीच्या आता तीन कॉप्या झाल्या होत्या. जेवणाच्या वेळी शीतलने स्पीकर लावला आणि मळ्यात गुलाबरावांची हाक घुमली... “पंगत बसली होऽऽ!” लोक सवयीने उठले, दोन पावलं चालले आणि मग कळल्यावर जागच्या जागी थांबले. गुलाबराव बाजेवर बसले होते, मांडीवर नात. त्यांनी पुन्हा लावायची खूण केली. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर मोबाइल काढला, एकेक अक्षर दाबत काहीतरी लिहिलं आणि बायकोपुढे धरला. विमलबाईंना चष्म्याशिवाय दिसेना, म्हणून मी वाचून दाखवलं. लिहिलं होतं — ‘आवाज बरा होता ना माहा?’

विमलबाईंनी नातीचं टोपडं सारखं केलं. “लय मोठा होता,” त्या म्हणाल्या. “तीस वरीस मीच म्हनत राह्यली, हळू बोला.”