अर्ध्या सुटकेला नकार

रमणीकभाईंनी कागद माझ्यासमोर सरकवला आणि त्यावर पेन ठेवलं. "भाभीजी, आराम से पढ़िए. इससे अच्छा ऑफर कोई नहीं देगा."

दुबईच्या रास अल खोर भागात आमच्या सेंट्रल किचनच्या वर एक केबिन होती. एसी भरपूर, खिडकी नाही. खालून कांदा परतल्याचा वास येत होता. टेबलापलीकडे चौघे पुरुष, या बाजूला मी एकटी. चहा आधीच मागवलेला, साखर घालून. मी बिनसाखरेचा पिते हे इतकी वर्षं सोबत काम करून त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. असो, चहाचं काही नाही.

प्रकरण काय होतं ते आधी सांगते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही पाच जण दुबईत डबे पुरवायचो. कुणी गुजराती, कुणी केरळी, मी मराठी. मी काही केटरिंग शिकलेली नाही. घरच्या ओट्यापासून सुरुवात केली, आणि पुढचं सगळं चुकत चुकत कळलं. मग म्युनिसिपालिटीचे नियम कडक झाले. मोठं किचन हवं, कोल्ड स्टोअर हवं, थंड राहणाऱ्या व्हॅन हव्यात. एकेकट्याला हे झेपण्यासारखं नव्हतं. म्हणून पाचही जण एकत्र आलो. एक कंपनी, एक लायसन्स, एक लोकल स्पॉन्सर, म्हणजे कायद्याने लागणारा तिथला अरब भागीदार. आम्ही तिला युनियनच म्हणायचो. दर महिन्याला कमिटी बसायची आणि प्रत्येक किचनला एक मत. रमणीकभाई चेअरमन. माणूस वाईट नव्हता हं. माझ्या मुलीला कांजिण्या आल्या तेव्हा आठवडाभर माझे डबे त्यांनीच सांभाळले होते.

पण एकत्र राहायचं म्हणजे एकसारखं व्हायचं, असं हळूहळू होत गेलं. आधी बेस ग्रेव्ही आली. म्हणजे कांदा-टोमॅटोचं एकच मोठं वाटण सकाळी शिजवायचं आणि सगळ्यांनी आपापल्या भाज्यांत तेच ढकलायचं. माझ्या भरल्या वांग्यात ती ग्रेव्ही. मी सोसलं. मग रेसिपी कार्डं आली. प्रत्येक पदार्थाचं एक कार्ड, कमिटीने पास केलेलं. कार्डाबाहेर चिमूटभरही काही घालायचं नाही.

आणि एका संकष्टीला साबुदाण्याची खिचडी पिवळी गेली.

खिचडीच्या कार्डावर हळद होती. वर मोहरीची फोडणी. उपासाला आपण हळद-मोहरी घालत नाही, हे त्या चौघांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. दुपारी ऊद मेथाच्या एका शाळेतून देशपांडेबाईंचा फोन. "काकू, हे काय पाठवलंत? आमच्या स्टाफरूममध्ये सहा जणींचा उपास आहे. सहाही डबे तसेच बंद करून ठेवलेत. आता चंद्रोदयापर्यंत पाण्यावर."

मी कमिटीत विषय काढला. रमणीकभाई हसले. "थोड़ी सी हल्दी से भगवान नाराज़ नहीं होते, भाभीजी."

म्हटलं, "भगवान नहीं होंगे. देशपांडेबाई हो गई हैं."

मतदान झालं. चार विरुद्ध एक. कार्ड तसंच राहिलं. कारण काय, तर एकाला सूट दिली की सगळे मागतील. त्याच मीटिंगमध्ये मी सांगितलं, मी बाहेर पडते.

तर त्यावरचं उत्तर म्हणजे हा टेबलावरचा कागद. तडजोड. माझं किचन वेगळं, नाव वेगळं, हिशेब वेगळा. व्हॅन आणि कोल्ड स्टोअर पूर्वीसारखं वापरायचं. बदल्यात रेसिपी कार्डं मात्र युनियनचीच, 'क्वालिटी के लिए'. कमिटीत येऊन बसायची परवानगी, पण मत नाही. आणि सगळ्यात खाली एक ओळ: माझ्या तिन्ही कुक्सचे व्हिसा तूर्त युनियनकडेच राहतील.

"तूर्त म्हणजे कधीपर्यंत?" मी विचारलं.

"जब तक सब सेटल नहीं होता. इन्शाल्ला, जल्दी."

इथे थोडं समजावून सांगायला हवं. तिथे कामगाराचा व्हिसा ज्या कंपनीने काढला, माणूस त्या कंपनीचा. दुसरीकडे जायचं तर कंपनीने 'आमची हरकत नाही' असं पत्र द्यावं लागायचं. त्याला एनओसी म्हणायचे. ते मिळालं नाही तर व्हिसा कॅन्सल, माणूस घरी, आणि सहा महिने परत यायला बंदी. पासपोर्टही बहुतेक ठिकाणी कंपनीच्याच कपाटात असायचे. तेव्हा त्यात कुणाला वावगं वाटायचं नाही.

"शनिवारी सांगते," म्हणून मी उठले.

घरी 'आमचे हे' चष्मा कपाळावर चढवून कागद वाचत बसले. ते शिपिंग कंपनीत अकाउंट्सला. "घे की. व्हॅन मिळतेय, कोल्ड स्टोअर मिळतंय. उन्हाळा तोंडावर आहे. आणखी काय पाहिजे तुला?"

आमची मुग्धा तेव्हा नववीत. वहीतून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, दे मेक द रूल्स अँड आई कान्ट व्होट. हाऊ इज दॅट लीव्हिंग?"

"तू अभ्यास कर," हे म्हणाले. पण कागद खाली ठेवला.

मला मात्र खरी काळजी तिघांची होती. मी नाही म्हणायचं आणि सहा महिने त्यांनी घरी बसायचं, हा कुठला न्याय? म्हणून शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी त्यांच्या खोलीवर गेले. वामन आणि दत्तू गुहागरकडचे, इब्राहिम रत्नागिरीचा. कुळथाचं पिठलं आणि भात चालला होता. मला बसायला खाट रिकामी केली. मी सगळं सांगितलं, काही न लपवता.

वामन सगळ्यात जुना. त्याने विचारलं, "काकू, सही केलीत तर आम्ही कुणाचे?"

"कामाला माझे. कागदावर त्यांचे."

"नि त्यांनी बोलावलं, चला आमच्या किचनला, तर?"

"तर जावं लागेल."

इब्राहिम ताट पुढे ओढत म्हणाला, "म्हणजे तुमी सुटलात, नि आमी ओलीस."

एवढ्या सरळ शब्दांत मीसुद्धा विचार केला नव्हता.

दत्तू भिंतीकडे बघत होता. "काकू, माझं नाय जमायचं. घराचं काम अर्ध्यावर हाय. स्लॅब पडायचा हाय. सहा महिने घरी बसलो तर भिंतीच राहतील."

"मग तू युनियनमध्येच राहा. त्यात लाजायचं काय? तुझं घर आधी."

वामन आणि इब्राहिमने एकमेकांकडे बघितलं. इब्राहिम म्हणाला, "आंब्याचा हंगाम येतोय. बाग राखायला अब्बाना माणूस मिळत नाय. जातो मी." वामन म्हणाला, "मी पण. पण काकू, परत बोलवा हां. नायतर बायको म्हणेल, हाकलून दिलं."

शनिवारी मी केबिनमध्ये गेले. आज चहा नव्हता. मी आधीच म्हटलं, "रमणीकभाई, एकच बदल करा. माणसांचे कागद सोडा. एनओसी द्या. बाकी सगळं मान्य. वर्षभर तुमची ग्रेव्हीसुद्धा वापरते."

हो, म्हटलं मी तसं. वांग्यांची क्षमा मागून म्हटलं. बाहेर पडायचं तर काहीतरी सोडावं लागतं, एवढं कळण्याइतकी मी मोठी होते.

ते आपसात बोलले. मग रमणीकभाईंनी मान हलवली. "भाभीजी, ग्रेव्ही आप मत लीजिए, चलेगा. कार्ड भी निकाल देते हैं. मगर वीज़ा वाला क्लॉज़ रहेगा."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या कार्डांपायी एवढं रामायण झालं, ती ते हसत हसत सोडायला तयार होते. त्यांना माझी खिचडी नको होती. माझे हात हवे होते. कुक्स त्यांच्याकडे असले की माझं किचन त्यांच्या मर्जीवर. मला मत दिलं असतं तरी काय फरक पडणार होता?

"तो फिर रहने दीजिए," मी म्हटलं.

"बिना डील के जाएँगी? वैन नहीं, कोल्ड स्टोर नहीं. गर्मी में क्या करेंगी?"

"सुबह पकाऊँगी, दोपहर तक खिलाऊँगी. शाम को बंद."

"आप इमोशनल हो रही हैं."

"इमोशनल होती तो साइन कर देती, रमणीकभाई. इतने साल का रिश्ता है. यल्ला, चलती हूँ."

पेन होतं तिथेच राहिलं. मी जिना उतरले.

पुढचं फार शौर्याचं नाही. दोघांचे व्हिसा कॅन्सल झाले, दोघे घरी गेले. मी करामाला एक लहानसं किचन घेतलं, नवं लायसन्स काढलं, रीतसर लेबर कार्ड काढून दोन बायका मदतीला घेतल्या. भाड्याची एक म्हातारी व्हॅन होती. तिचा एसी मधेच दम टाकायचा. रात्रीचे डबे बंद केले. निम्मी गिऱ्हाइकं गेली. जूनमध्ये एकदा आमटी आंबली. मी घरोघर फोन करून माफी मागितली आणि 'आमच्यां'नी जन्मात पहिल्यांदा ताकाची कढी ढवळली, कारण त्या दिवशी दुसरं काही करायला वेळ नव्हता. तरी एकही संकष्टी मी चुकवली नाही. पांढरी शुभ्र खिचडी, जिरं-मिरची-शेंगदाण्याचं कूट. देशपांडेबाईंनी स्टाफरूममधून आणखी चौघी आणल्या. त्यांतली एक तर ख्रिश्चन होती. म्हणाली, मला उपास नाही, नुसतीच आवडते.

युनियन बुडली वगैरे असं समजू नका. छान चालली, पुष्कळ वर्षं. दत्तूचा स्लॅब पडला, वास्तुशांतीचा फोटो त्याने मला आवर्जून दाखवला.

गणपतीच्या सुमाराला वामन आणि इब्राहिम परतले, माझ्या लायसन्सवर. एअरपोर्टवरून आले तसे दोघांनी सवयीने पासपोर्ट काढून माझ्यापुढे धरले. मी घेतले नाहीत.

"काकू, खोलीत चोरी होईल," वामन म्हणाला.

"मग कुलपाची ट्रंक घे. किल्ली मला दाखवूसुद्धा नकोस."

त्याला जरा रागच आला. त्याच्या मते मी जबाबदारी टाळत होते.

आता बऱ्याच जणी मला विचारतात, काकू, पार्टनरशिप सोडतेय, समोरून बरा प्रस्ताव आलाय, घेऊ का? मी म्हणते, जरूर घे. तडजोडीशी माझं वैर नाही, आमचा संसार त्यावरच उभा आहे. फक्त आधी एक करून बघ. त्यांना सांग, बाकी सगळं तुम्ही ठेवा, एवढी एक गोष्ट द्या. आणि ते म्हणाले, बाकी सगळं तू घे, तेवढी एक सोडून, तर चहा न पिता उठ.