शांततेसाठी स्पेनला

माझ्या नवऱ्याला शांतता हवी होती. लंडनमधल्या एजवेअरच्या आमच्या घरात टीव्ही तोच मोठ्याने लावतो, फोनवर तोच ओरडून बोलतो, पण शांतता हवी ती त्याला. म्हणून ईस्टरच्या सुट्टीत आम्ही स्पेनमधल्या नदीकाठच्या एका खेड्यात गेलो.

खरं तर याच सुट्टीत सासूबाईंनी आम्हाला गावी बोलावलं होतं. त्यांचंही गाव नदीकाठीच आहे आणि सासरे गेल्यापासून त्या तिथे एकट्याच राहतात. "यंदा तरी येशील ना रे?" त्यांनी फोनवर विचारलं. "आई, तिकडे करायला काही नसतं गं," हा म्हणाला. "दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही." त्या नुसतं "बरं" म्हणाल्या.

स्पेनमध्ये नेमकं तेच होतं. एक नदी, चार गल्ल्या, मिटलेल्या खिडक्या आणि जेवण झालं की अख्खं गाव आडवं. पुण्यात दुपारी दुकान बंद दिसलं की 'म्हणूनच हा देश मागे राहिला' असं म्हणणारे हे गृहस्थ इथे कुलूपबंद बेकरीसमोर हात मागे बांधून उभे राहिले. "बघ, धिस इज क्वालिटी ऑफ लाइफ!" त्या कुलपाचा फोटो काढून त्यांनी ग्रुपवरही टाकला. 'सो पीसफुल!' एजवेअरहून लगेच आलं. पिकतं तिथे विकत नाही, ते हे असं. मला मनस्वी चीड आली.

पोटाला मात्र वरणभातच लागतो. कुकर याच्याच हट्टाने बॅगेतून आला होता. भर वामकुक्षीच्या वेळी याने तो गॅसवर चढवला. पहिल्या शिट्टीला समोरची खिडकी उघडली आणि दुसऱ्या शिट्टीला शेजारची म्हातारी सपाता ओढत दारात हजर झाली, ओठांवर बोट ठेवून. शांतता शोधायला आलेला माणूस "सॉरी, सॉरी" करत हात जोडून उभा. मी गॅस बंद केला, तिला दारातच खुर्ची दिली आणि कुकर उघडल्यावर गरम वरणभात वाढला. तूपही घातलं. तिचा राग निवळला.

तेवढ्यात सासूबाईंचा रविवारचा व्हिडिओ कॉल आला.

"आई, बघ किती शांत आहे!" याने फोन नदीकडे फिरवला, मग गल्लीकडे. फिरवता फिरवता त्यात म्हातारी आली. सासूबाईंनी चष्मा सारखा केला.

"कोण रे त्या?"

"शेजारीण. घरमालक सांगत होता, मुलं माद्रिदला असतात. एकटीच राहते बिचारी."

म्हातारीने चमचा उंचावून हसून दाखवलं. सासूबाईंनीही हात हलवला.

"जेवायला वाढलंत ना? छान केलंत," त्या म्हणाल्या. "कुणाच्या तरी आईकडे गेलास."

"आई, रेंज जातेय गं, आवाज तुटतोय," असं म्हणून याने फोन ठेवून दिला.

रेंजला काहीही झालं नव्हतं.