चपला कोण बघणार

आमच्या ह्यांना इराणच्या निळ्या घुमटांच्या मशिदी बघायची फार हौस. ते काही जमलं नाही. मुलगा सौदीत अबकैकच्या तेलाच्या प्लांटमध्ये आहे, त्याच्याकडे गेलो तेव्हा तो म्हणाला, अब्बा, इराण राहू दे, इथून तासाभरावर हुफूफजवळ फार जुनी मातीची मशीद आहे, ती दाखवतो. मग शनिवारी सकाळी निघालो.

मशीद बघून मला हसूच आलं. केवढीशी ती! आमच्या रत्नागिरीकडच्या गावातल्या मशिदीएवढीच. भोवती मातीच्या भिंती, पलीकडे खजुरीची झाडं. हे, मुलगा आणि आठ वर्षांची नात चपला काढून आत गेले, आणि मी आपली चपलांपाशी उभी. कोणी सांगितलं नव्हतं हो, सवयच तशी. गावात आम्ही बायका मशिदीत जात नाही. रमजानात इफ्तारीचं ताट घेऊन मी दारापर्यंत जायची, तिथून ह्यांची पाठ दिसायची, ताट आत सरकवायचं आणि परत फिरायचं. पन्नास वर्षं मला मशीद तेवढीच ठाऊक. मक्केत नमाज पढले, पण तिथे सगळं जग असतं. अशा लहानशा, घरच्यासारख्या मशिदीत एकदा नमाजाच्या दोन रकात पढाव्यात असं फार मनात होतं. बोलले मात्र कधी नाही, कारण गावच्या जमातीत पुढारी हेच, आणि बायकांचा विषय निघाला की घरात काय जागा नाही का, असं विचारणारेही हेच.

नात दारात आली. "दादी, आओ ना. टिकट नहीं है."

मी ह्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, "चपला कोण बघणार?"

हे खांबाला हात लावून जरा वेळ उभे राहिले. मग बाहेर आले आणि पायरीवर टेकले.

"जा तू. मी बसतो."

आत काय गारवा! ओल्या मडक्यासारखा. गुडघे कुरकुरले, पण दोन म्हणता म्हणता मी चार रकात पढले. शेवटी नमाज संपवायचा सलाम फेरताना मान उजवीकडे वळली तर समोर दार, आणि दारात उन्हात बसलेल्या ह्यांची पाठ. शेजारी माझ्या चपला, नीट जोडून ठेवलेल्या.

गाडीत बसल्यावर रुमालाने मान पुसत म्हणाले, "ऊन लागतं गं तिथे."

म्हटलं, "लागतं."