शेळ्यांची शेवरी, पानांची शेवरी

लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला मी दिवाळीनंतर औंधला गेले, तेव्हा आमच्या कवठे महांकाळच्या रानात शेळ्यांच्या चाऱ्याला लावलेली शेवरी माझ्या छातीला लागत होती. शिमग्याच्या आधी परतले, तर ती गोठ्याच्या छपराच्या वर गेलेली. खोडं सरळसोट, उघडीबोडकी आणि पाला तेवढा शेंड्याला. खाली आमच्या शेळ्या माना वर करून बोंबलत होत्या.

हे सगळं सूनबाईचं काम. ती मिरजेकडची, पानमळ्यातल्या घरातली. शेवरी त्यांच्याकडेही असते, पण ती पानवेलीला चढायला. बाजूची फांदी दिसली की खुडायची आणि झाड सरळ वर न्यायचं, हेच ती लहानपणापासून करत आलेली. आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. आता कालव्याचं पाणी आलं, शेती आली, तरी डोक्यात चाराच. आमच्या लेखी शेवरी सरळ गेली की वाया गेली.

"किती निगा राखली बघा, आत्या," ती हौसेनं म्हणाली. "एक आडवी फांदी ठिवली न्हाई."

"व्हय गं बाई," मी म्हणाले, "आता शेळ्यांना एक शिडी तेवढी घिऊन ये."

मला वाटलं हसेल. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "माज्या हातनं या घरात कायबी धड व्हत न्हाई," म्हणाली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिची भाकरी आम्हाला पातळ लागायची, आमचं कालवण तिला जाळायचं, आणि त्यात ही शेवरी. उन्हाळ्याच्या चाऱ्याची मला काळजी होती, रागही आला होता, पण तो तिथंच विरघळला. पोरगी कामचुकार असती तर चांगली झाडली असती. हिनं तर जीव ओतला होता, फक्त माहेरच्या रीतीनं.

"रडू नगंस. शेवरी लय चिवट, छाटली की फुटती. कोयता आण."

रानात गेल्यावर मी दाखवलं. कमरेएवढं खोड राखायचं आणि वरचं तिरकं छाटायचं. फार खाली कापलं तर झाड जातं, फार वर ठेवलं तर पुढच्या खेपेला हात पोचत नाही. पहिले शेंडे पडले आणि शेळ्यांची दिवाळी झाली. दोन-चार झाडांतच माझी पाठ बोलायला लागली, तसा मी कोयता तिच्या हातात दिला.

ती झाडासमोर नुसतीच उभी. माझ्यापेक्षा चांगली हातभर उंच पोरगी.

"आत्या, कमरंएवढं म्हंजी कुणाच्या?"

सासूबाई गेल्यापासून या रानातली सगळी शेवरी माझ्याच मापाची होती. हे विचारायची वेळ कधी कुणावर आलीच नव्हती. मला हसू आलं.

"आता छाटणारी तू," मी म्हणाले. "तुज्याच."